टिटवी कुणाकडे पळते

तेर,
३ नोव्हेंबर २०२४

ती. शिवलिंगप्पा काका यांस,
कृष्णराज ज्ञानोबा नाईकवाडी याचा सा. नमस्कार.

तुमचा पत्ता आमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यातले ड्रेसर धोंडीबा यांनी दिला. तुम्ही चाळीस वर्षं कारवान कुत्री पाळलीत, आणि तुम्ही फोनवर बोलत नाही, पत्राला मात्र उत्तर देता, असं ते म्हणाले. मला ते बरं वाटलं. मी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे फॉर्म भरतो. माझं शिक्षण अकरावीत सुटलं, पण नावात एक वेलांटी चुकली तरी फॉर्म परत येतो, म्हणून लिहिलेलं दोनदा वाचायची सवय लागली आहे. फोनवर बोललेलं परत वाचता येत नाही.

माझ्याकडे टिटवी नावाची कारवान कुत्री आहे. वय चार वर्षं दोन महिने, रंग बदामी, डाव्या कानाला खाच आहे. ती तारेच्या कुंपणात झाली, आजार नाही. आतापर्यंत नऊ शर्यती पळाली. पाचांत पहिली, दोनांत दुसरी. आमच्याकडच्या शर्यतीत एक जण कुत्रं धरून सुरुवातीला थांबतो आणि दुसरा पुढच्या टोकाला उभा राहून हाक मारतो, टॉवेल हलवतो. कुत्रं त्या माणसाकडे पळतं. तुमच्याकडेही तसंच असेल.

मला तिच्यासाठी घर पाहिजे. पैसे नकोत. परंड्याकडचे दिग्विजय म्हणून एक जण जीप घेऊन आले होते. तिच्याकडे न बघता मोबाइलवर तिच्या शर्यतीचे व्हिडिओ बघत बसले आणि जाताना म्हणाले, "दोन वर्षं पळवू, मग पिल्लं काढू." मी नाही म्हणालो. त्यानंतर मला दोन दिवस वाटत राहिलं की मी उगाच नाही म्हणालो.

तुम्हाला काही विचारायचं आहे. राग मानू नये. तिला दिवसा बांधून ठेवाल की मोकळी? घरात तिच्याजवळ दिवसभर कुणी असतं का? आणि ती एखाद्या दिवशी हरली तर घरी आल्यावर तिला काय मिळेल?

आपला,
कृष्णराज

*

मुरूम, बेळंब रस्ता वस्ती,
९ नोव्हेंबर २०२४

चि. कृष्णराज यास शरणार्थ.

पत्र मिळालं. मी तीस वर्षं मुरूमच्या टपालात होतो. साऱ्या गावाची पत्रं पोचवली, मला कुणी लिहिलं नाही. तुझं अक्षर चांगलं आहे.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. दिवसा मोकळी, दुपारच्या उन्हात विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. घरात बायको लक्ष्मम्मा आणि सून महेश्वरी असतात, मी शेतात असतो, शेत दारातच आहे. हरल्यावर तिला भाकरी मिळेल. जिंकल्यावरही तीच मिळेल.

आता माझा प्रश्न. चार वर्षांची, पाच वेळा पहिली आलेली कुत्री कुणी फुकट देत नाही. काहीतरी दडवलेलं असतं. पाय आहे का? झटके येतात का? चावते का? जे असेल ते लिही. माझी शेवटची कुत्री गेल्याला दोन वर्षं झाली. परत मन लावायचं तर आधी कळलेलं बरं.

शिवलिंगप्पा बिराजदार

*

तेर,
१५ नोव्हेंबर २०२४

ती. काका यांस सा. नमस्कार.

तिच्यात दोष नाही. पाय चांगले आहेत, झटके नाहीत, चावत नाही. धोंडीबांकडून तपासून घेतलेला कागद सोबत जोडला आहे. त्यावर तारीख चुकून मागची पडली होती ती मी दुरुस्त करून त्यांची सही घेतली आहे.

मला वेळ नाही म्हणून देतो आहे. सोमवार आणि गुरुवार पहाटेच्या गाडीनं मला धाराशिवला जावं लागतं, यायला संध्याकाळ होते. तेवढा वेळ ती खुंट्याला असते. शेजारच्या प्रेमाबाई भाकरी टाकतात पण ती तोंड लावत नाही. बाकीच्या दिवशी दुकान असतं. पळायचं जनावर असं बांधून ठेवणं बरोबर नाही.

तिचं खाणं लिहून देतो. सकाळी दीड भाकरी ज्वारीची, दुधात कुस्करून, दूध गार. दुपारी दोन उकडलेली अंडी. बुधवारी आणि रविवारी कोंबडीचे पाय, हळद घालून शिजवलेले, मीठ नाही. शर्यतीच्या दिवशी सकाळी काही नाही, फक्त पाणी, तेही थोडं.

आपला,
कृष्णराज

*

मुरूम,
२० नोव्हेंबर २०२४

चि. कृष्णराज यास शरणार्थ.

तुझं दुकान तेरात आहे. मग आठवड्यातून दोनदा पहाटे धाराशिवला कशाला जातोस, हे तू लिहिलं नाहीस. मी विचारत नाही.

खाण्याचा कागद महेश्वरीनं घरात मोठ्यानं वाचला. लक्ष्मम्मा चूल सोडून बाहेर आली. आमचं घर लिंगायताचं, आमच्या भांड्याला आजवर अंडं लागलेलं नाही. ती म्हणाली, "नायी येऊ दे. कोंबडी येऊ द्यायची नाही. पायबी न्हाय." नायी म्हणजे कुत्रं, तिच्या माहेरच्या कन्नडमधलं. मी तोडगा काढला. शेतातल्या मोटारीच्या खोलीत तीन दगड मांडून डब्यात अंडी उकडणार. लक्ष्मम्माला ते माहीत असेल पण ती तिकडे येणार नाही, असं ठरलं आहे. कोंबडीचे पाय मात्र विसर.

रविवारी घेऊन ये.

शिवलिंगप्पा

*

तेर,
२६ नोव्हेंबर २०२४

ती. काका यांस सा. नमस्कार.

टिटवी पोचल्याचं धोंडीबांनी सांगितलं. मी स्वतः येणार होतो. कपडे घालून तयार होतो. पण रविवारी सकाळी घरात अचानक अडचण आली आणि मला निघता आलं नाही. धोंडीबा औषधांचे खोके घेऊन मुरूमला निघालेच होते, त्यांच्या टेम्पोत तिला बसवलं. दुसऱ्या रविवारपर्यंत थांबायला पाहिजे होतं. थांबलो नाही. तुमचं घर मी बघितलेलं नाही, तुम्हालाही बघितलेलं नाही, आणि तिला पाठवून दिलं, हे मी तीन दिवस स्वतःला समजावतो आहे.

एक गोष्ट राहिली होती, ती सगळ्यांत महत्त्वाची आहे. तिची हाक. आधी एक लांब "ये", मग थोडं थांबून "ये गं माझे बाय, ये". शेवटचा "ये" खाली उतरवायचा. शिट्टी मारायची नाही, टाळी वाजवायची नाही. तिच्या नावानं हाक मारली तर ती नुसती बघते.

ती गाडीत चढताना मागे वळून बघत होती का, हे मी धोंडीबांना विचारलं. ते म्हणाले, "अरं कुत्रं हाय ते. उलटी करत हुतं." तिला गाडी लागते हे लिहायचं राहून गेलं. क्षमा असावी.

आपला,
कृष्णराज
माझा फोन नंबर खाली दिला आहे. काही लागलं तर कधीही करा.

*

मुरूम,
४ डिसेंबर २०२४

चि. कृष्णराज यास शरणार्थ.

खरं ते लिहितो. पहिले तीन दिवस तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. चौथ्या दिवशी लक्ष्मम्मानं शिळ्या भाकरीवर ताक ओतून बाहेर ठेवलं, ते तिनं खाल्लं. तुझ्या कागदात ताक नव्हतं. अंड्याकडे अजून बघत नाही. लक्ष्मम्मा दिवसातून चार वेळा म्हणते, आमच्या घरात आली आणि सोवळ्याची झाली.

पण बोलावलं तर येत नाही. दोर सोडला की बांधापर्यंत पळते, तुमच्या दिशेला तोंड करून बसते. महेश्वरीनं तू लिहिलेली हाक मारून बघितली, एक लांब, मग थांबून, जसं लिहिलंस तसं. तिनं कान हलवला आणि परत तिकडेच बघत बसली.

एक विचारतो. ही हाक तुझी नाही. "माझे बाय" हे बाईमाणसाचं बोलणं आहे. ही कुणाची हाक आहे?

शिवलिंगप्पा

*

तेर,
९ डिसेंबर २०२४

शिवलिंगप्पा काका यांस,

तुमचं पत्र वाचल्यावर मला राहवलं नाही. आधीच्या पत्रात दिलेल्या नंबरवर तुम्ही एकदाही फोन केला नाही, म्हणून धोंडीबांकडून तुमचा नंबर घेऊन मीच केला. सूनबाईंनी उचलला. मी म्हणालो, काकांना द्या. त्या म्हणाल्या, "अप्पांना कसं देऊ? त्यांना आवाज न्हाय की."

मी फोन ठेवून दिला. धोंडीबांकडे गेलो. ते म्हणाले, "मला वाटलं तुला म्हाईत हाय. सगळ्या तालुक्याला म्हाईत हाय." तेर तुमच्या तालुक्यात नाही, हे त्यांना समजावायची माझ्यात ताकद नव्हती.

तुम्ही मला दोष विचारलेत. पाय, झटके, चावणं, सगळं विचारलंत. मी हाकेबद्दल अख्खं पान लिहिलं आणि तुम्ही ते वाचून घेतलंत. ज्या माणसाला हाक मारता येत नाही त्याच्याकडे मी हाकेवर पळणारी कुत्री पाठवली. आजार कशाचा होता, तो बरा झाला का, हेही मला माहीत नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर तिनं परत तीन दिवस उपाशी बसायचं का? मला वाईट लिहायचं नाही. हे पत्र मी दोनदा वाचलं, तरी ते असंच राहिलं आहे.

पुढच्या रविवारी मी तिला न्यायला येतो.

कृष्णराज

*

मुरूम,
१२ डिसेंबर २०२४

चि. कृष्णराज यास शरणार्थ.

हे पत्र रविवारच्या आत पोचावं म्हणून स्वतः मुरूमला जाऊन मोठ्या टपालात टाकतो आहे.

सहा वर्षांपूर्वी माझ्या घशाला गाठ आली. तंबाखूची. सोलापुरात ऑपरेशन झालं, आवाजाची पेटी काढली. गळ्याला भोक आहे, त्यावर उपरणं गुंडाळतो. दर सहा महिन्यांनी दाखवतो, अजून तरी परत काही निघालेलं नाही. घरात पाटीवर लिहितो. लक्ष्मम्माला वाचता येत नाही, म्हणून ती माझ्या पाटीवरचं महेश्वरीकडून वाचून घेते आणि मग भांडते. भांडण तिचं एकटीचंच होतं, त्यामुळे लवकर संपतं.

तू आवाजाचं विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू कुत्री दिली नसतीस. ही माझी लबाडी आहे. माझ्या शेवटच्या दोन्ही कुत्र्या ऑपरेशनच्या आधीपासूनच्या होत्या, त्यांना माझा हात माहीत होता. ही पहिलीच आहे जिनं मला आवाजाशिवायच ओळखायचं आहे.

मला काही झालं तर काय, हा तुझा प्रश्न बरोबर आहे. महेश्वरी सत्तावीस वर्षांची आहे. माझा मुलगा सिद्धाराम पुण्याला कंपनीत आहे, तिला इथंच राहायचं आहे. काल रात्री टिटवी तिच्या दारापुढे झोपली.

न्यायला यायचं असेल तर ये. पण त्याआधी माझ्या प्रश्नाचं उत्तर लिही. तूही मला सगळं सांगितलेलं नाहीस.

शिवलिंगप्पा

*

तेर,
१७ डिसेंबर २०२४

ती. अप्पांस सा. नमस्कार.

सूनबाई फोनवर तुम्हाला अप्पा म्हणाल्या, म्हणून तसंच लिहितो. रविवारी मी आलो नाही. का ते लिहितो.

ती हाक माझ्या आईची आहे. आईचं नाव दगडाबाई. टिटवी तिचीच आहे. वडील वारले त्या वर्षी आईनं तिला ढोकीच्या बाजारातून पदरात गुंडाळून आणलं होतं. पिल्लू असताना रात्रभर ओरडायची म्हणून आईनंच टिटवी नाव ठेवलं. लोक म्हणाले, असलं अशुभ नाव कशाला. आई म्हणाली, "मग तुमी येऊन गप करा तिला." शर्यतीत मी फक्त सुरुवातीला धरायचो आणि सोडायचो. पुढच्या टोकाला आई असायची. त्या रेषेवर सगळे पुरुष टॉवेल हलवत उभे राहायचे, त्यांच्यामध्ये आमची आई एकटीच बाई, खाली मातीत बसलेली. आधी लोक हसायचे. तिसऱ्या शर्यतीनंतर तिला जागा करून द्यायला लागले.

आईच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. सोमवार आणि गुरुवार धाराशिवला डायलिसिस असतं. ज्या रविवारी मी टिटवीला घेऊन येणार होतो, त्या सकाळी तिला धाप लागली होती. रिक्षा बोलावली तरी ती बसेना. म्हणाली, "आधी कुत्रीला गाडीत बसव, मग मी बसते." मी म्हणालो, पुढच्या रविवारी नेतो. ती म्हणाली, "पुढचा रविवार कुनी बघितलाय."

टिटवी दुसऱ्याला द्यायची हे आईनं ठरवलं, मी नाही. आई म्हणाली, टिटवी माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही, माझ्यामागं उपाशी मरेल, मी आहे तोवर तिला दुसऱ्याची होऊ दे. तिला ते डोळ्यांसमोर झालेलं पाहिजे आहे. मी तुम्हाला वेळ नाही असं लिहिलं, कारण आईनं असं का ठरवलं हे लिहायचं म्हणजे आई जाणार आहे असं लिहावं लागलं असतं. ते मला लिहिता आलं नाही. आताही हा कागद मी तिसऱ्यांदा घेतला आहे.

तुमच्यावर रागावलो तेव्हा आईला सगळं सांगितलं. आवाज नाही हेही सांगितलं. ती म्हणाली, "आवाज माजाबी जाणारच हाय की. ऱ्हाऊ दे तिला तिथंच." म्हणून मी आलो नाही. पण ती तुमच्याकडे येत नसेल तर याचा काही उपयोग नाही, आणि आईला मी काय सांगू हे मला कळत नाही. ती रोज विचारते.

आपला,
कृष्णराज

*

मुरूम,
२४ डिसेंबर २०२४

चि. कृष्णराज यास शरणार्थ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी मातीत बसलेली आई दिसली.

कारवान कानानं पळत नाही, डोळ्यानं पळतं. हे मला चाळीस वर्षं माहीत आहे, आणि मी महिनाभर महेश्वरीच्या घशाला त्रास दिला. तीनशे मीटरवरून हाक आणि गलका यातलं जनावराला काय कळणार. सगळे उभे आणि एक बसलेला, हे मात्र लांबून दिसतं.

काल संध्याकाळी महेश्वरीनं तिला बांधाच्या पलीकडे धरलं. मी विहिरीजवळ हरभऱ्याच्या कडेला मातीत मांडी घालून बसलो. दोन्ही हात मांडीवर. महेश्वरीनं सोडलं. ती आधी तुमच्या दिशेला वळली. मग थांबली. मग आली. पूर्ण वेगानं नाही, अंदाज घेत, पण आली. माझ्यापासून दोन हातांवर येऊन उभी राहिली आणि वास घेतला. मी आई नाही हे तिला कळलं. गेली नाही मात्र. आज सकाळी परत केलं, त्या वेळी अर्ध्या वाटेतून पळत आली आणि गळ्यातल्या उपरण्यावर नाक लावलं.

लक्ष्मम्मा म्हणते, या वयात मातीत बसलात, आता उठवायला मीच लागणार. ते खरं आहे.

शेजारच्या गावी १६ जानेवारीला जत्रा आहे, कुत्र्यांच्या शर्यती असतात. तिला उतरवणार आहे. जिंकण्यासाठी नाही. एवढ्या गर्दीत ती माझ्याकडे आली तर आईला सांगता येईल. तू येऊ नकोस. तू दिसलास तर तिला दोन टोकं होतील.

शिवलिंगप्पा

*

तेर,
३१ डिसेंबर २०२४

ती. अप्पांस सा. नमस्कार.

तुमचं पत्र काल डायलिसिस चालू असताना आईला वाचून दाखवलं. तिथं चार तास असतात, वाचायला वेळ असतो. शेजारच्या कॉटवरच्या सीताबाईंनीही ऐकलं. तुम्ही मातीत बसलात तिथं आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मग म्हणाली, "मी का बसायचे तुला ठावं हाय का?" मी म्हणालो, तुझी सवय. ती म्हणाली, "सवय कसली. पाय सुजायचे. उभं ऱ्हावत नव्हतं."

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, अप्पा. त्या वेळी कुणी डॉक्टरकडे नेलं असतं तर काय झालं असतं, हे मी कालपासून मनात मांडून बघतो आहे. मी दर शर्यतीचं सगळं वहीत लिहून ठेवायचो. मैदान ओलं की कोरडं, वारा कुठून, टिटवीच्या पंजाला काही लागलं का. आई बसते हे मी दर वेळी बघत होतो.

आईला मी हे बोललो नाही. ती म्हणेल, झालं ते झालं.

जत्रेला येणार नाही. १६ तारखेला गुरुवार आहे, आईचा डायलिसिसचा दिवस.

आपला,
कृष्णराज

*

मुरूम,
१८ जानेवारी २०२५

चि. कृष्णराज यास शरणार्थ.

चौथी आली. सात कुत्री होती.

सुरुवात चांगली झाली, अर्ध्यापर्यंत ती पुढे होती. मी रेषेवर बसलो होतो. माझ्या शेजारी धुळाप्पा म्हणून एक जण टॉवेल फिरवत उभा होता, तो म्हणाला, "अप्पा, पडलाव काय? उचलू का?" मी मान हलवली. शेवटच्या शंभर पावलांवर टिटवीनं मान डावीकडे वळवली आणि पाय आखडले. एवढ्यात तिघं पुढे गेली. मग सरळ झाली आणि आली, माझ्या मांडीवर आदळली. मला उताणं पाडलं. मान का वळवली ते कळलं नाही. त्या बाजूला उसाच्या ट्रॉल्या आणि गर्दी होती, बाकी काही नव्हतं. कुणाचा तरी आवाज ऐकला असेल.

आईला सांग, आली.

शिवलिंगप्पा

*

तेर,
२३ जानेवारी २०२५

ती. अप्पांस सा. नमस्कार.

तिनं आवाज ऐकला नाही. मला बघितलं. मी तिथं होतो.

येणार नाही असं लिहिलं ते लिहिताना खरं होतं. बुधवारी आई म्हणाली, "परेमाबाई येत्याय माज्यासंगं दवाखान्यात. तू जा. कागदावर लिवून आलेलं मला नगं, तू डोळ्यानं बघून ये." मी पहाटेच्या गाडीनं निघालो. डावीकडून दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे उभा होतो, तोंडाला रुमाल बांधून. तिला मी दिसणार नाही इतका मागे. पण ती पुढे आहे हे गर्दीच्या ओरडण्यावरून कळलं आणि मी वाकून बघितलं. शंभर पावलं नव्हती, ऐंशीच्या आसपास असतील. तिनं मान वळवली. रुमाल असून ओळखलं.

मी हात वर केला नाही. खाली बसलो नाही. मागे सरकलो. ती तिथं थांबली असती तर तिला घेऊनच मी परत आलो असतो, तुम्हाला काय वाटेल याचा विचार केला नसता. ती थांबली नाही. तुमच्याकडे गेली. तुम्ही उताणे पडलात तेही मी बघितलं, आणि सूनबाई धावत आल्या तेही. मग मी स्टँडवर गेलो. तुम्हाला न भेटता गेलो याची क्षमा असावी. तिचा पहिला नंबर माझ्यामुळे गेला, त्याचीही.

परत येताना नळदुर्गपासून घरापर्यंत मी आईला काय सांगायचं ते ठरवत होतो. वेगवेगळ्या तऱ्हेनं. घरी आलो तर ती दारात भिंतीला टेकून बसली होती. प्रेमाबाई तिला चहा देत होत्या.

म्हणाली, "बघितलं का तिनं तुला?"

मी म्हणालो, बघितलं.

"थांबली का?"

"नाही."

तिनं चहाची बशी खाली ठेवली. "मग झालं," म्हणाली. त्या रात्री तिनं एक भाकरी खाल्ली. दोन महिन्यांत एक पूर्ण भाकरी खाल्ली नव्हती. मला वाटलं, आता तिचं ओझं उतरलं, आता ती झोपेल. पण ती जागीच होती. मी अंथरूण घालत होतो तेव्हा म्हणाली, "तिचं झालं. आता तुजं कुनाकडं?"

मी म्हणालो, "मी माणूस आहे आई, कुत्रं नाही."

ती म्हणाली, "म्हणून तर इचारते."

मी अंथरूण घालून दिवा मालवला. आठ दिवस झाले. मी सगळ्या गावाचे फॉर्म भरतो, त्यात वारसाचं नाव, नातं, पत्ता, सगळं असतं, आणि मला हे एक सांगता आलं नाही. तुम्ही माझे कुणी नाही, तरी तुम्हाला लिहितो आहे. यापुढे टिटवीसाठी म्हणून लिहायचं काही कारण उरलेलं नाही. म्हणून हे पत्र शेवटचं समजावं, की कसं, ते तुम्हीच कळवा.

आपला,
कृष्णराज

*

मुरूम,
२८ जानेवारी २०२५

चि. कृष्णराज यास शरणार्थ.

महेश्वरीनं तुझं पत्र घरात वाचलं. लक्ष्मम्मा ऐकत होती. मला वाटलं होतं, तू लपून आलास म्हणून ती चिडेल. मी थोडा चिडलो होतो. ती म्हणाली, "पोरगं सकाळपासून उपाशी आलं आणि उपाशी गेलं, आणि आपन चौथा नंबर मोजत बसलो." मग तिनं माझ्या हातातली पाटी काढून घेऊन कागद दिला आणि म्हणाली, लिहा त्याला.

पत्र शेवटचं समजू नकोस. मला लिहिणारं दुसरं कुणी नाही, आणि ही गोष्ट मी पहिल्याच पत्रात सांगितली होती तरी तुझ्या लक्षात आली नाही.

तुझ्या आईला माझा निरोप दे. मुलगा आमच्याकडे येईल. ती असताना येईल आणि नंतरही येईल. यात तिला बघायला काही नाही, तिला माझ्या शब्दावर राहावं लागेल, आणि शब्द मी लिहूनच देऊ शकतो. तो या कागदावर आहे.

ज्या रविवारी तिला बरं वाटेल त्या रविवारी तिला प्रेमाबाईंजवळ ठेवून ये. गाडी नळदुर्गला बदलावी लागते हे तुला माहीत झालंच आहे. वस्तीच्या फाट्यावर उतर. कुत्रीसाठी येऊ नकोस. ती त्या दिवशी महेश्वरीबरोबर शेताच्या पलीकडच्या टोकाला असेल, तुला दिसणार नाही. आणखी सहा महिने तरी नाही.

तू घरात ये आणि जेव.

शिवलिंगप्पा